शंखाची जात आणि शंखाचे नाव



ग्रंथालयात नवे पुस्तक दाखल झाले की ग्रंथपालासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की याला ठेवायचे कोणाशेजारी? पुस्तकाचा आकार, बांधणी, वेष्टणाचा रंग या गोष्टी डोळ्यांना आधी दिसतात. परंतु त्यांवरून जो ग्रंथपाल पुस्तके लावील त्याचे कपाट शोभिवंत होईल आणि वाचक मात्र रिकाम्या हाताने परतेल. नावावर विसंबावे तर तेथेही फसगत आहे. कवितेच्या कपाटात गोविंदाग्रज, विनोदाच्या कपाटात बाळकराम आणि नाटकांच्या कपाटात राम गणेश गडकरी अशी तीन नावे आढळतात. ज्याला ठाऊक नाही तो तीन लेखक मोजतो. ज्याला ठाऊक आहे तो एकच प्रतिभा तीन वेषांत ओळखतो. जाणता ग्रंथपाल अशा वेळी तालिकेत एक लहानसे कार्ड घालून ठेवतो आणि त्यावर लिहितो : ‘गोविंदाग्रज – पाहा : गडकरी, राम गणेश’.

भिन्न दिसणाऱ्या वस्तू खरोखरच भिन्न आहेत काय, हा प्रश्न ग्रंथशास्त्राप्रमाणेच पुराजीवविज्ञानालाही पडतो. ज्या प्राण्याचा देह कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि ज्याचे केवळ कवच दगडात उरले, त्याची जात ठरवायची कशी? या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण उज्जैनच्या नैर्ऋत्येला, धारच्या पलीकडे, बाघच्या परिसरात घडले आहे. त्यात नर्मदा आहे, शिंदे घराण्याचे नाव आहे, पुण्याच्या अभ्यासकांचे परिश्रम आहेत आणि ज्यावर शेवटचा शब्द अद्याप लिहिला गेलेला नाही असा एक वादही आहे.

प्रथम कवचाविषयी. प्राणी मेला की मांस कुजते, उरते ते कठीण. ते गाळात पुरले गेले, गाळाचा खडक झाला, की त्या खडकात कवचाचा ठसा किंवा त्याचे दगडी रूप टिकून राहते. आपल्या परिचयाचा खेकडाच घ्यावा. जीवाश्म खेकडा अभ्यासकाच्या हाती येतो तो बहुधा पाठीच्या कवचाच्या रूपाने. नांग्या तुटलेल्या असतात, पाय विखुरलेले असतात. मग अभ्यासक पाहतो ते असे : कवच रुंद की लांबट, पुढची कड सरळ की दंतुर, दात किती, डोळ्यांच्या खोबणी कोठे, पाठीवर उंचवटे आणि चर कसे विभागलेले, पृष्ठभाग गुळगुळीत की दाणेदार. फर्डिनांड स्टोलिक्झ्का हा मोराव्हियात जन्मलेला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम करणारा विद्वान १८७४ साली लडाखच्या वाटेवर मृत्यू पावला. त्याआधी १८७१ साली त्याने सिंध आणि कच्छमधील जीवाश्म खेकड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यातील एका खेकड्याला त्याने टिपिलोबस ग्रॅन्युलोसस असे नाव दिले. ‘ग्रॅन्युलोसस’ म्हणजे दाणेदार. कवचाचा गुण त्याने नावातच गोवून ठेवला.

खेकड्याच्या बाबतीत निसर्गाने अभ्यासकावर एक उपकार केला आहे. पोटाखाली दुमडलेला शेपटीचा भाग नरात अरुंद व निमुळता असतो, मादीत रुंद असतो. कोकणातील कोणतीही कोळीण खेकडा उलटा करून नर-मादी क्षणात सांगते, आणि तो भाग दगडात टिकला असेल तर अभ्यासकही सांगू शकतो. सर्वच कवचधारी प्राण्यांची अशी सोय नसते. ज्या कवचात नर-मादीची खूण अशी उघड नसते तेथे काय होते, हेच बाघच्या शंखांनी दाखवून दिले.

हे शंख म्हणजे ॲमोनाइट. नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या घरातील आहे. देवघरातील शाळिग्राम फोडला असता, अथवा त्याच्या मुखातून आत पाहिले असता, जे चक्र दिसते ते ॲमोनाइटच्या शंखाचेच होय. नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळणारे हे काळे गोटे मुळात हिमालयातील सागरी खडकांतून सुटलेले असतात. ॲमोनाइट हा म्हाकूळ आणि ऑक्टोपस यांचा आप्त. त्याचा शंख एका पातळीत गुंडाळलेला, आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेला असे. प्राणी राहत असे तो सर्वांत बाहेरच्या, शेवटच्या कप्प्यात. वाढ झाली की तो पुढे सरके आणि मागे नवा पडदा घाली. मागचे कप्पे वायूने भरून शंखाला पाण्यात तोलून धरीत. असाच कप्प्यांचा शंख असलेला नॉटिलस आजही समुद्रात आहे. ॲमोनाइट मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी समूळ नाहीसे झाले.

शंखाच्या लक्षणांवरून वर्ग पाडण्याची कल्पना भारतीयांना नवी नाही. शाळिग्रामांची लक्षणे पुराणांत सविस्तर सांगितली आहेत. चक्रे किती, मुख कसे, वर्ण कोणता, वनमालेसारखी रेषा आहे की नाही, यांवरून एक चक्राचा तो सुदर्शन, दोन चक्रांचा तो लक्ष्मीनारायण अशी नावे ठरतात. निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु त्या वर्गीकरणाचा हेतू उपासनेचा आहे. कोणता शिलाखंड कोणत्या रूपाने पूजावा, एवढेच त्याला ठरवायचे असते. हे दोन शंख एकाच आईबापांच्या पोटी येऊ शकले असते काय, असा प्रश्न तो विचारीत नाही. प्राणिशास्त्राला मात्र तोच विचारायचा असतो, कारण शास्त्राच्या भाषेत ‘जाती’ म्हणजे परस्परांत प्रजनन करणाऱ्या जीवांचा समुदाय. आणि दगड झालेल्या शंखांच्या बाबतीत नेमका हाच पुरावा कधीही हाती येत नाही. रूपावरून नाते ताडावे लागते.

आता बाघकडे वळू. मेघदूतात उज्जयिनीच्या बाजारपेठेतील शंख-शिंपल्यांचा उल्लेख आहे. ते सारे व्यापारमार्गांनी दूरच्या किनाऱ्यांवरून येत असावे. परंतु माळवा-निमाडच्या सीमेवर जमिनीच्या पोटातच समुद्राचे शंख आहेत, हे त्या काळी कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते. उज्जैन वसले आहे ते दक्खनच्या काळ्या लाव्हाखडकावर. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात थरावर थर असा पसरला. त्याच्याही आधी, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक उथळ फाटा आजच्या नर्मदा खोऱ्यातून आत शिरला होता. त्याने मागे ठेवलेले गाळाचे खडक लाव्हाच्या आवरणाखाली दडले. नद्यांनी जेथे हे आवरण झिजवून काढले तेथे ते पुन्हा उजेडात आले. त्यांनाच भूशास्त्रात ‘बाघ थर’ असे नाव आहे. ज्या बौद्ध लेण्यांमुळे बाघचे नाव कलेच्या इतिहासात गेले आणि ज्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९२१ साली नंदलाल बोस तेथे गेले होते, ती लेणी याच परिसरातील वालुकाश्मात खोदलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात या खडकांतील जीवाश्म विद्वानांच्या हाती पडू लागले. १८६५ साली मार्टिन डंकन यांनी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात बाघच्या सागरी अर्चिनांच्या कवचांचे वर्णन केले. १८६९ साली विल्यम ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर आले प्रमथनाथ बोस. १८८० साली सर्वेक्षण संस्थेत श्रेणीबद्ध पदावर नेमले गेलेले हे पहिले भारतीय. पुढे १९०४ साली जमशेटजी टाटांना मयूरभंजच्या लोहखनिजाविषयी पत्र लिहिणारे तेच. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बोस यांनी बाघ थरांचा अनुक्रम लावून दिला. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, त्यावर देवला-चिराखानचा चुनखडीमिश्रित मातीचा थर, आणि सर्वांत वर प्रवाळी चुनखडक.

येथे नावांच्या स्वभावाविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या ‘प्रवाळी’ चुनखडकात मुख्यतः आढळतात ते प्रवाळ नव्हेत, तर ब्रायोझोआ नावाच्या वेगळ्याच सूक्ष्म वसाहती प्राण्यांचे सांगाडे. दिसायला ते प्रवाळाच्या फांद्यांसारखे, म्हणून नाव पडले; प्राणी वेगळे आहेत हे कळल्यानंतरही नाव चालूच राहिले. खडकाच्या बाबतीत अशा नावाने फारसे बिघडत नाही. प्राण्याच्या जातीच्या बाबतीत बिघडते. कसे, ते पुढे येईलच.

बोस यांच्यानंतर अर्नेस्ट व्रेडेनबर्ग या सर्वेक्षण संस्थेतील अधिकाऱ्याने १९०६ ते १९०८ या वर्षांत बाघच्या ॲमोनाइटांना नावे दिली. एकाचे नाव प्लॅसेंटिसेरस मिंटोई. हे त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्यावरून. इतर शंखांसाठी त्याने नामाडोसेरस असा नवा वंशच कल्पिला. टॉलेमीच्या भूगोलात नर्मदेला जे ‘नामदोस’ असे रूप आहे, त्याची छाया या नावात आहे. त्या वंशातील एक जाती झाली नामाडोसेरस बोसेई, म्हणजे प्रमथनाथ बोस यांच्या नावाची; आणि दुसरी नामाडोसेरस सिंदिए, म्हणजे शिंद्यांची. बाघचा मुलूख तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होता आणि गादीवर दुसरे माधवराव शिंदे होते. राणोजी शिंद्यांच्या काळापासून ज्या घराण्याशी उज्जैनचा संबंध जडला आहे, त्याचे नाव अशा रीतीने ९ कोटी वर्षांपूर्वीच्या एका सागरी जीवाला मिळाले.

हे शंख कसे आहेत? प्लॅसेंटिसेरसचा शंख चापट, थाळीसारखा. बाहेरचा वेढा आतील वेढ्यांना बराचसा झाकून टाकतो, त्यामुळे मध्यभागी नाभीसारखी लहान खोलगट जागा उरते. बाहेरची कड गोल नसून अरुंद आणि सपाट, जणू धार कापून टाकलेली. तिच्या दोन्ही अंगांना लांबट गाठींची ओळ. नाभीच्या काठीही गाठी. बाजूवर मंद कंगोरे. शंखाचे वरचे कवच झिजले की आतील पडदे जेथे भिंतीला चिकटले होते तेथील शिवण दिसू लागते. ती सरळ रेष नसते. पानाच्या कडेसारखी, वळणावळणांची आणि फाट्यांची अशी नक्षी असते. ॲमोनाइटांचे वंश ओळखण्यात या शिवणरेषेला मोठे महत्त्व आहे, कारण ती शंखाच्या आतील घडणीतून येते आणि वरवरच्या आभूषणांइतकी चंचल नसते.

वर्गीकरण करणाऱ्यापुढे खरी अडचण येते ती आभूषणांची. एका शंखावर गाठी ठळक, दुसऱ्यावर जेमतेम. एक फुगीर, दुसरा सडपातळ. एक हातभर मोठा वाटावा असा, दुसरा तळहातात मावणारा. व्रेडेनबर्गच्या काळी रीत अशी होती, की एक उत्तम नमुना घ्यावा, त्याला जातीचा आदर्श मानावे, आणि त्याहून ठळकपणे वेगळा दिसेल त्याला नवे नाव द्यावे. नमुने थोडे, अंतरे लांब, दळणवळण अवघड. अशा स्थितीत ही रीत स्वाभाविक होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. वर्णनच झाले नसते तर पुढे तुलना कशाशी केली असती?

व्रेडेनबर्गनंतर या खडकांचा पाठपुरावा ज्यांनी चिकाटीने केला त्यांत मराठी अभ्यासकांचा वाटा फार मोठा आहे. आपल्या शोधनिबंधांमुळे ओळखले जाणारे प्राध्यापक चिपळूणकर यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बाघच्या जीवाश्मांवर लेखन केले. पुढे पुण्यात, १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, म्हणजे १९९२पासून जी आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते तेथे, त्यांनी बडवे, घारे, तपस्वी, बोरकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांची परंपराच उभी केली. शिंपले, गोगलगायी, ब्रायोझोआ, अर्चिन, प्राण्यांनी गाळात पाडलेली बिळे, असा एकेक वर्ग घेऊन त्यांनी बाघचा समुद्र जणू पुन्हा भरून दाखवला. १९७६ साली चिपळूणकर आणि घारे यांनी ॲमोनाइटांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यामुळे बाघच्या ॲमोनाइटांच्या नावांची यादी व्रेडेनबर्गच्या यादीहून बरीच लांबली.

याच सुमारास जगात इतरत्र एक वेगळा विचार रुजत होता. १९६२-६३च्या सुमारास पोलंडमधील माकोव्स्की आणि इंग्लंडमधील कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले, की ॲमोनाइटांच्या ज्या मोठ्या आणि लहान शंखांना वेगवेगळ्या जातींची, कधी वेगवेगळ्या वंशांचीही, नावे दिली गेली होती त्यांतील अनेक जोड्या वस्तुतः एकाच जातीच्या मादी आणि नर असाव्यात. मोठा शंख बहुधा मादीचा, लहान नराचा. साहजिकच शंका येते, की लहान शंख हा नराचा कशावरून, पोराचा कशावरून नाही? याचे उत्तर शंखातच असते. ॲमोनाइटची वाढ थांबत आली की त्याचे शेवटचे काही पडदे एकमेकांच्या जवळ जवळ पडू लागतात, आणि मुखाजवळ घडणीत बदल होतात. अशा खुणा लहान शंखावर दिसल्या तर तो वयात आलेला आहे, त्याची वाढ पुरी झाली आहे, असे समजावे. दुसरा पुरावा आतील वेढ्यांचा. शंख ही प्राण्याची आत्मकथाच असते. बाल्याची पाने मध्यभागी, प्रौढपणाची कडेला. दोन शंखांची पहिली पाने जुळत असतील आणि शेवटची तेवढी भिन्न असतील, तर दोघांचा उगम एकच असण्याचा संभव मोठा.

ज्याने मोर आणि लांडोर यांना कधी एकत्र पाहिले नाही, त्याच्या हाती केवळ एकाचा पिसारा आणि दुसरीची भुरी पिसे दिली तर तो दोन पक्ष्यांची नावे लिहून मोकळा होईल. मराठीने तर दोघांना दोन शब्दही दिले आहेत. शब्द दोन असले तरी जाती एकच, हे आपल्याला कळते ते जिवंत पक्षी रानात दिसतो म्हणून. ॲमोनाइटचे रान समुद्राखाली आणि तेही ९ कोटी वर्षे मागे.

बाघच्या शंखांना ही दृष्टी लावण्याचे काम कोलकात्याच्या बर्धन आणि गंगोपाध्याय या अभ्यासकांनी केले. १९९८पासून पुढे आलेल्या त्यांच्या निबंधांत शंखांच्या मुखांतील बदल, जबड्यांचे अवशेष, लिंगभेद आणि आभूषणांतील वैविध्य यांचा विचार आहे. त्यांनी एकेका सुंदर नमुन्याऐवजी एकाच परिसरातील पुष्कळ शंख एकत्र मांडून पाहिले. तसे पाहिल्यावर ठळक गाठींचा शंख आणि जवळजवळ गुळगुळीत शंख यांच्यामध्ये भिंत दिसेना. मधल्या पायऱ्या दिसू लागल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की बाघच्या या प्लॅसेंटिसेरस कुळातील शंखांना दिलेली निरनिराळी नावे ही एकाच, फार विविधरूपी असलेल्या जातीची नावे आहेत. आणि ती जाती आहे प्लॅसेंटिसेरस काफ्रारियम.

हे नाव आले कोठून? ते १९०४ साली रॉबर्ट एथरिज धाकटे यांनी दक्षिण आफ्रिकेतील झुलुलँडच्या शंखांना दिलेले होते. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की एकाच जातीला अनेक नावे पडली असतील तर सर्वांत आधी रीतसर प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरावे. १९०४ हे साल १९०६च्या आधीचे. म्हणून व्हाइसरॉयचे नाव, शिंद्यांचे नाव आणि प्रमथनाथ बोस यांचे नाव ही तिन्ही, या मतानुसार, अवघ्या दोन-चार वर्षांच्या अंतराने मागे पडतात. राजमुद्रा, पदवी, कर्तृत्व यांतील काहीही त्या नियमापुढे चालत नाही. चालते ती केवळ तारीख.

उज्जैनच्या मराठी माणसाला येथे क्षणभर चुटपुट लागणे स्वाभाविक आहे. आपल्या राज्यकर्त्यांच्या नावाचा एक शंख होता, तोही गेला! परंतु नाव गेल्याने काय मिळाले, तेही पाहावयास हवे. जोवर बाघच्या शंखांना बाघचीच नावे होती, तोवर ते एकाकी होते. निमाडच्या खडकात जन्मलेले, तेथेच संपलेले. नावे एक होताच बाघचा शंख झुलुलँडच्या आणि मादागास्करच्या शंखांचा सख्खा ठरला. प्लॅसेंटिसेरस हा खोल महासागर ओलांडणारा प्राणी मानला जात नाही. तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वावरणारा. मग तीनही ठिकाणी तो एकाच जातीच्या रूपाने पोहोचला कसा? कारण ती ठिकाणे तेव्हा एकमेकांपासून आजच्याइतकी दूर नव्हती. भारत आणि मादागास्कर यांची फारकत सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी होऊ लागली असे मानतात. २००२ साली बर्धन, गंगोपाध्याय आणि मंडल यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच या जातीला माप घेण्याची फीत म्हटले आहे. भारत तोवर किती दूर सरकला होता ते त्या फितीने मोजायचे. जाती चुकीने तोडली असती तर फीतही तुटली असती. प्रवाळी चुनखडकाच्या नावाने बिघडत नाही आणि जातीच्या नावाने बिघडते, ते या कारणाने.

मात्र उलट बाजूही तितक्याच गंभीरपणे मांडली पाहिजे. जोडणे हे तोडण्यापेक्षा नेहमीच श्रेष्ठ असते असे नाही. भिन्न काळांतील दोन जाती रूपसाम्यामुळे एक ठरवल्या, तर खडकांचे वय चुकते आणि वय चुकले की त्यावर उभारलेला सगळा इतिहास कलतो. २०१३ साली प्लॅसेंटिसेरस मिंटोई या जातीवर एक स्वतंत्र टिपण भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यात गाठाळ चुनखडकाच्या ट्युरोनियन वयाचा मुद्दा पुढे आला. ट्युरोनियन हा कोनियासियनच्या लगेच आधीचा कालखंड. बर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मांडणीत बाघचे हे शंख कोनियासियन काळातील आहेत. म्हणजे ‘मिंटोई’ हे नाव चर्चेतून उठून गेलेले नाही. शंख तेच, खडक तोच. परंतु कोणते लक्षण निर्णायक मानायचे आणि कोणते गौण, यावर जाणत्यांतही मतभेद राहतो.

या मतभेदाचा निवाडा कोण करील? वक्तृत्व नव्हे, अधिकार नव्हे. निवाडा करतील ते शंखच, आणि तेही एका अटीवर. प्रत्येक शंख कोणत्या गावच्या, कोणत्या ओढ्याच्या, कोणत्या थरातून काढला याची नोंद त्याच्यासोबत असली पाहिजे. थर कळला नाही तर वय कळत नाही; वय कळले नाही तर दोन शंख समकालीन की मागचे-पुढचे हे ठरत नाही; आणि ते ठरले नाही तर त्यांना एकाच समुदायात मांडण्याचा अधिकारच उरत नाही. रस्त्याच्या खोदकामात निघालेला, हौसेने घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवलेला, चिठ्ठी नसलेला शंख कितीही देखणा असला तरी शास्त्राच्या दृष्टीने मुका आहे. मुखपृष्ठ फाटलेल्या आणि दाखलनोंद नसलेल्या पुस्तकाची जी गत, तीच त्याची. उलट झिजलेला, अर्धा तुटलेला, पण ज्याच्यावर स्थळ आणि थर लिहिलेली चिठ्ठी आहे असा शंख वाद मिटवू शकतो.

म्हणून बाघच्या खडकांचे मोल समजणाऱ्याने दोन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, शंख खडकात असेल तर तो जाणत्याच्या देखरेखीवाचून उचलू नये. उचलला गेलाच असेल तर कोठून उचलला ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. दुसरी, एकच उत्तम नमुना जपून बाकीचे टाकून देऊ नयेत. जातीचे स्वरूप एका शंखात नसते. ते शंखांच्या समुदायात असते. विक्रम विद्यापीठामुळे भूविज्ञानाचे अध्ययन आणि डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या कार्यामुळे उत्खननाची शिस्त या दोन्ही गोष्टी उज्जैनला परिचित आहेत. कायथ्याच्या उत्खननात खापराचा तुकडा कोणत्या थरात सापडला यालाच महत्त्व होते. शंखाच्या बाबतीत नियम वेगळा नाही.

मराठीत ‘जात’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. माणसांच्या बाबतीत वरवरच्या खुणांवरून भेद मानण्याची किंमत आपल्या समाजाने फार मोजली आहे. बाघचे शंख त्या विषयावर प्रवचन करीत नाहीत. परंतु एवढे नक्की शिकवतात, की डोळ्यांना पहिल्याने दिसणारा भेद हा चौकशीचा आरंभ असतो, निकाल नव्हे. गाठी ठळक की पुसट, अंग फुगीर की सडपातळ, आकार मोठा की लहान, हे सारे खरे असूनही जाती एक असू शकते. आणि दिसायला एक असूनही काळाने दोन केलेल्या असू शकतात. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून पुरावा जमवीत राहणे, हीच शास्त्राची सचोटी.

राहता राहिले शिंद्यांचे नाव. ते खरोखर नाहीसे झाले काय? नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमात मागे पडलेले नाव पुसून टाकण्याची रीत नाही. ग्राह्य नावाखाली त्याच्या सर्व समानार्थी नावांची यादी, कोणी, कोणत्या साली, कोणत्या शंखाला दिले या तपशिलासह, प्रत्येक नव्या अभ्यासकाला पुन्हा लिहावी लागते. झुलुलँडच्या किंवा मादागास्करच्या शंखांवर उद्या कोणी लिहू लागला, तर त्या यादीत त्याला मिंटोई, बोसेई आणि सिंदिए ही नावे वाचावी लागतील, आणि ती वाचता वाचता त्याची बोटे नकाशावर नर्मदेच्या काठाने बाघपर्यंत येतील. ग्रंथालयाच्या तालिकेतील त्या लहानशा कार्डाचे काम तेच असते. ‘पाहा’ हा एक शब्द लिहून ते वाचकाला योग्य कपाटाकडे पाठवते, आणि मागे पडलेल्या नावालाही आपल्या जागी जपून ठेवते.